फोटोपुढची बिडी

आज सकाळी परळीत हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलते. चालताना छाती दाटते म्हणून.

तपासण्या बघून त्यांनी विचारलं, "काकू, बिडी, तंबाखू, मिश्री?"

"काहीच न्हाई," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"मग घरात कुणी ओढायचं का?"

आमचे मालक ओढायचे. किराणा दुकानात तीस वर्षं आमी दोघं एकाच गल्ल्यामागं बसलो. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या बिडीचा धूरही रक्तवाहिन्या बिघडवतो. वर्षानुवर्षं त्या आतून कडक आणि अरुंद होत जातात. मला लई राग आला. पण माणूस जाऊन चार वर्षं झाली, आता भांडू कुणाशी?

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगितली न्हाई. श्राद्धाला ताटाशेजारी बिडी ठेवतात, तशी मी रोज दिवेलागणीला मालकांच्या फोटोपुढं एक पेटवून ठेवते. ती विझेपर्यंत तिथंच बसते. तेवढा वेळ घरात कुणीतरी हाय असं वाटतं.

आज बिडी हातात घेतली आणि परत बंडलात सरकवली. घरात नुसता उदबत्तीचा वास हाय.

गेलेल्या माणसाला तुमी घरात कसं ठेवता?