यंदाचा उन्हाळा लातूरचा होता

फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा मी तो उचलला नाही. पडद्यावर गंगाधरचं नाव होतं, आणि आठवडाभरापूर्वी त्यानं विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ अजून तयार नव्हतं. मी नोकरी करतो त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक पडताळणी चालू होती. कामात असेल, असं तो समजून घेईल, या हिशेबानं मी फोन पालथा घातला. तो पुन्हा वाजला. "बोल रे," मी काहीशा त्रासिक सुरात म्हणालो. पलीकडून गंगाधर नव्हे, त्याच्या पत्नी शकुंतलावहिनी बोलत होत्या. "भावजी, सकाळी चहा घेता घेता मान टाकली हो यांनी... दवाखान्यात न्यायला टाइमच भेटला न्हाई." मी काय बोललो ते मला आठवत नाही. पण एक गोष्ट लख्ख आठवते. दुःखाच्याही आधी, निमिषभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार नव्हतं.

गंगाधर सोनकांबळे हिमायतनगरचा. पाटबंधारे खात्यात कालव्यांवर आयुष्य गेलं, घर नांदेडला केलं. मी लातूरच्या एका व्यापारी, शिवभक्त कुटुंबातला. नांदेडच्या महाविद्यालयात शिकताना वसतिगृहात आम्हांला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या आणि शिक्षण संपलं तरी ते शेजारपण संपलं नाही. निरोपाच्या दिवशी त्यानंच ठरवून टाकलं, "दर साली मे महिन्यात एक पिक्चर. एक साल नांदेडला, एक साल लातूरला. लगीन होवो, पोरं होवोत, कलेक्टर होवो, पिक्चर चुकवायचा न्हाई." आम्ही दोघं कलेक्टर झालो नाही, बाकी सगळं झालं, आणि तीस-बत्तीस वर्षांत पिक्चर फारसा चुकला नाही. दुपारी बाराचा खेळ, बाल्कनीतली जागा, वाळ्याचा वास सोडणारे मोठे कूलर. पडद्यावर काय चाललं आहे याला फार महत्त्व नसे. बाहेर लातूर-नांदेडचं ऊन माणसाला भाजून काढत असताना तीन तास त्या गार अंधारात एका मित्राशेजारी बसायला मिळे, तेवढं पुष्कळ होतं. गंगाधर मध्यंतरापर्यंत झोपे आणि मध्यंतरानंतर मला कथा विचारी. मी सांगितलेली कथा त्याला पडद्यावरच्या कथेपेक्षा नेहमी बरी वाटे. "तू सांगतोस त्यात हिरो जरा शहाणा असतो," असं म्हणे.

खेळाला जोडून एखादी सहल असे. त्याची सहलीची ठिकाणंही त्याच्यासारखीच उफराटी. एकदा त्यानं मला ऐन मे महिन्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला नेलं. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही पोहोचलो, तर समोर पाण्याचा थेंब नाही; नुसता काळाकभिन्न कातळ. मी वैतागलो. तो मात्र कातळाकडे हात करून म्हणाला, "पाणी काय, पावसाळ्यात कुणीबी बघतंय. ते कोणत्या दगडावरून येतंय, हे बघायला उन्हाळ्यातच यावं लागतंय." मग आम्ही एका कपारीच्या सावलीत बसून वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. माझ्या बोलण्यातलं लातूरपण त्याला फार आवडे. मी फोनवर "येलालो, येलालो" म्हटलं की तो म्हणे, "तुम्ही लातूरवाले 'येलालो' म्हणता तवा घरातून निघालेलेबी नसता. आम्ही नांदेडवाले 'येऊन राहिलो' म्हणलो की दारात असतो बघ."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे, तिच्याकडे यायला हवं. नांदेडच्या वर्षी चित्रपट सुटला की गंगाधर मला सरळ त्याच्या घरी नेई. विचारणं नाही, आग्रह नाही. पाय घराकडे वळत, एवढंच. वहिनींनी वरणफळं केलेली असत, कारण मला ती आवडतात हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी तिथं जेवायचो, झोपायचो, सकाळी त्यांच्या अंगणात दात घासायचो. लातूरच्या वर्षी मात्र चित्रपट सुटला की आम्ही हॉटेलात जेवायचो आणि बसस्थानकावर जायचो. माझं घर चित्रपटगृहापासून दोन गल्ल्यांवर होतं. बत्तीस वर्षांत गंगाधरनं त्याचा उंबरा पाहिला नाही. प्रत्येक वेळी फोनवर मी ठरलेलं वाक्य बोलत असे: "आपण बाहेरच भेटू."

कारण सांगण्याची गरज कुणा मराठी वाचकाला नसावी. तरीही स्पष्ट लिहितो, कारण न लिहिण्याची सवयच माझा गुन्हा आहे. गंगाधरचं कुटुंब बौद्ध होतं. आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात जाण्याआधी आईचा प्रश्न येई, "आडनाव काय म्हणालात?" जात मानू नये, ही आमच्या शिवभक्त पंथाची मूळ शिकवण. ती आमच्याकडे पूजेत होती, माजघरात नव्हती. आईसमोर गंगाधरचा अपमान होऊ नये म्हणून मी त्याला घरी नेत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. हे सांगणं मला इतकं शोभून दिसे की मी त्याला मैत्रीचाच एक भाग समजू लागलो होतो.

एका वर्षीची दुपार विसरता येत नाही. आम्ही तिकिटं घेऊन उभे होतो आणि वीज गेल्यामुळे खेळ रद्द झाल्याचं सांगण्यात आलं. बसला तीन तास अवकाश. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. गंगाधर रुमालानं मान पुसत माझ्याकडे बघत राहिला. दोन गल्ल्यांवर माझं घर होतं, ओटा होता, माठ होता. मी म्हणालो, "चल, स्टँडवर बसू. तिथं बरं वाटेल." बसस्थानकाच्या बाकावर तासाभरानं त्याला घेरी आली. मी धावत जाऊन पाणी आणलं, त्याच्या डोक्यावर ओतलं, वर्तमानपत्रानं वारा घातला. डोळे उघडल्यावर तो हसून म्हणाला, "लातूरचं स्टँड मला पाठ झालंय गड्या. कंट्रोलर सुट्टीवर गेला तर मलाच बसवा खिडकीत." मीही हसलो. शेजारच्या बाकावरची एक अनोळखी बाई मात्र हसली नाही. "घर कुठं हाय भाऊ तुमचं?" तिनं मला विचारलं. "ह्या माणसाला घरी न्या, पडू द्या जरा." मी म्हणालो, "आम्ही बाहेरगावचे आहोत." गंगाधरनं ते ऐकलं. त्यानं मान वळवून फलाटावर लागलेल्या गाडीची पाटी वाचायला घेतली, आणि बराच वेळ वाचत राहिला.

दुसरी एक आठवण याहून लहान आहे आणि याहून जास्त टोचते. वहिनी दरवर्षी माझ्यासोबत कैरीचं लोणचं पाठवायच्या. आई ते चवीनं खायची. एकदा तिनं विचारलं, "तुझा त्यो नांदेडचा मैतर घरला का येत न्हाई रं? आण की जेवाया." मी म्हणालो, "त्याला वेळ नसतो." आईनं तोंडातली फोड चघळत माझ्याकडे पाहिलं. "त्याला न्हाई का तुला न्हाई?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली. तिला काय ठाऊक होतं, ती त्याच्याशी कशी वागली असती, हे मला कधीच कळणार नाही. माणुसकी दाखवण्याची संधी मी तिला दिली नाही, आणि दोष मात्र तिच्या नावावर घालत राहिलो... आई जाऊन आता बारा वर्षं झाली. घरात मी, पत्नी सुनंदा, एवढेच उरलो. आडनाव विचारणारं कुणी नव्हतं. तरी पुढच्या लातूरच्या वर्षी फोनवर माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली की ते वाक्य आईचं नव्हतंच.

शेवटचा फोन मार्चच्या सुरुवातीचा. गंगाधरची निवृत्ती जवळ आली होती, गुडघे दुखत होते. "यंदा लातूर," तो म्हणाला. "पण औंदा पिक्चर नको बाबा. तीन तास पाय दुमडून बसणं होत न्हाई. नुसतं बसू, बोलू." मग म्हणाला, "तुझ्या घरीच बसू का?" बत्तीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, तेही किती सहज, जणू पानाच्या टपरीवर थांबू का असं विचारावं. मी म्हणालो, "घरात रंगकाम काढलंय रे. सगळं सामान पसरलंय. बघतो, कळवतो." रंगकाम काढलेलं नव्हतं. "हाव, हाव. निवांत," तो म्हणाला आणि पाऊसपाण्याचं बोलू लागला. आठवड्यानं वहिनींचा तो फोन आला.

अंत्यविधीला मी गर्दीत मागे उभा राहिलो. श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुन्हा नांदेडला गेलो. त्रिशरण, पंचशील झालं, माणसं जेवून पांगली. वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पांढरं पातळ, हातात बांगड्या नाहीत. बारीक झालेल्या दिसत होत्या. माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून त्यांनी विचारलं, "रंगकाम झालं का, भावजी?"

मी पेला उचलू शकलो नाही. "वहिनी," मी म्हणालो, "रंगकाम नव्हतंच."

"ठावं हाय."

"...गंगाधरला?"

"त्यांना तर फोन ठेवता ठेवताच. हसत हसत आले घरात. म्हणले, 'शकू, यंदा त्यानं रंगकामाचं नाव काढलंय. दरसाली नुसतं बाहेर भेटू म्हणायचा. औंदा निदान भिंतीपस्तोर तरी आलाय.'" त्या सांगत होत्या आणि त्यांच्या आवाजात राग शोधूनही मला सापडत नव्हता. तो सापडला असता तर बरं झालं असतं. "मी म्हणले, कशाला जाता अशा माणसाकडं? तर म्हणले, अगं, वाईट न्हाई तो. भेकड हाय. अन् भेकड माणसाला एकटं सोडू नये." पदरानं डोळे टिपून त्या उठल्या, कपाटातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन आणलं. पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं तर मोकळ्या हातानं कसं जावं, म्हणले. तुमचं हाय, घेऊन जा."

कागदात स्टीलचा तांब्या होता आणि त्यावर पालथा घालायचा पेला. आपल्याकडे भेट द्यायच्या भांड्यावर दुकानदार नाव घालून देतो, तसं तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत घातलेलं होतं: 'गंगाधर सोनकांबळे, नांदेड, यांजकडून सप्रेम भेट.' वहिनी म्हणाल्या, "दुकानदार म्हणला, जागा कमी हाय, नुसतं नाव घालतो. तर हे म्हणले, न्हाई, बारीक घाल पण आडनावासगट घाल."

मी त्यांना म्हणालो, वहिनी, तुम्ही या, मुलांना घेऊन या, खरंच या. त्यांनी मान हलवली. "येऊ की," त्या म्हणाल्या, "पण आता तिथं येऊन आम्ही कुणाच्या गोष्टी ऐकाव्या, भावजी? तुमच्या घराला तर त्यांची एकबी आठवण न्हाई." हे त्या मला टोचावं म्हणून बोलल्या नाहीत. खरं होतं, म्हणून बोलल्या.

तांब्या मी घरी आणला. सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी कधीच बोलावलं असतं." मीच कधी विचारलं नव्हतं. तिनं तो घासून, भरून बैठकीतल्या तिवईवर ठेवला, अक्षरं दाराकडे करून. रोज सकाळी ती तो भरते. मी कामावरून आलो की त्यातलंच पाणी पितो. प्रायश्चित्त म्हणण्याइतकं हे मोठं नाही. तहान लागते, इतकंच.

गेल्या रविवारी रेणापूरहून माझे चुलतभाऊ आले. थोरले आहेत, मी त्यांना दादा म्हणतो; माझ्या आईच्याच वळणाचे. "लई ऊन हाय बाबा," म्हणत ते ओट्यावर चपला काढत होते. त्यांना पाणी द्यावं म्हणून मी तिवईकडे हात नेला. तांब्या उचलला नाही. धरून नुसता फिरवला... अक्षरं भिंतीकडे गेली. हात माझाच होता. तो हलताना मी पाहिला आणि थांबवला नाही.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, तांब्या पुन्हा फिरवून नाव समोर आणलं, पेला भरला आणि तो माझ्या हातात दिला. दादा आत येऊन खुर्चीत टेकले होते. तिवईकडे वाकून, चष्मा वर सारून ते एकेक अक्षर मोठ्यानं जुळवत होते. "गं-गा-धर... सोन... कोण रे हे?"

पेला माझ्या हातात होता. पाणी गार होतं.

"माझा मित्र," पेला त्यांच्यापुढे ठेवत मी म्हणालो. "गंगाधर सोनकांबळे. यंदा मे महिन्यात आपल्याकडे यायचा होता." आणि मग, दादा पेला घेतात की नाही याची वाट न पाहता, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून मी त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.