गच्चीचा चुना

होळी झाली की लातूरहून वडिलांचा फोन यायचा. "कधी यायलीस? ऊन लई तापायलंय." नुसतं 'ये' असं ते कधी म्हणाले नाहीत. मी नांदेडला शाळेत शिकवते. दोन दिवसांची रजा टाकायची, एसटी धरायची आणि माहेरी जाऊन घर उन्हाळ्याला तयार करायचं, हे माझं ठरलेलं.

आई होती तोवर आम्ही दोघी करायचो. ती गेल्यावर मी एकटी. गच्चीला चुना मारायचा म्हणजे खालच्या खोल्या जरा निवतात. पाण्याची टाकी घासायची, कूलरचं गवत बदलायचं, आईच्या मोगऱ्याची वाळकी काटकं काढून बुडाला पाचोळा घालायचा, कारण नळाला पाणी आठवड्यातून एकदा. धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो दरवर्षी फोनवर म्हणायचा, "अक्का, तू कशाला करतेस? माणूस लाव ना." माणूस त्याने कधी लावला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

तीन वर्षांपूर्वी मी गेले तर भाऊ आधीच येऊन बसलेला. मला वेडीला आनंद झाला. वाटलं, या खेपेला हाताशी आला. तो खाली पंख्याखाली बसला आणि मी वर गेले. आदल्या दिवशी वडिलांनी पिंपात चुनकळी भिजवून ठेवली होती. ती आईच्या जुन्या लुगड्यातून गाळली, डिंक घातला, तारेच्या ब्रशने गच्ची खरवडली आणि दोन हात मारले. पहिल्याच हाताला रबरी मोजे फाटले. कठड्याच्या बुडाला ब्रश पोचत नाही, तिथे चिंधीने, बोटांनी चुना भरला. बोटं चरचरत होती. पण जिन्यात उभं राहून ती पांढरीफेक गच्ची बघितली आणि मला खरंच बरं वाटलं. हे आपलं घर आहे, असं मनात आलं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईच्या मनात हे येऊ नये, पण आलं.

जेवणं झाल्यावर भावाने फाइल काढली. घर आईच्या नावावर होतं. तिच्यामागे वडील, तो आणि मी अशी तीन नावं लागली होती.

"वर मजला चढवायचाय, अक्का. तीन नावं असली की भानगड होते. बाबा सोडून देणार आहेत, तू पण हक्कसोड करून दे. उद्याचं ठरवलंय."

मी वडिलांकडे बघितलं. ते ताटातली भाकरीची कड मोडत होते. "सगळ्याच लेकी देतात की," ते म्हणाले.

हे खरंच आहे. आमच्याकडे लेकी सही देतात आणि भाऊबीजेची साडी राखतात. जी देत नाही तिला माहेरचा उंबरा बंद. माझ्यासाठी प्रश्न तेवढाच होता. घराचा तिसरा हिस्सा गेला तरी चालेल, मला माहेर हवं होतं. म्हणून मी हो म्हणाले. फक्त एक विचारलं, मजलाच चढवायचा होता तर चुना कशाला मारून घेतला?

"हा उन्हाळा तर काढायचाय ना," वडील म्हणाले.

चुना कुणी कुणाला लावला, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या कार्यालयात गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, लागेना. पुसून ठेवला, तरी लागेना. भावाने घाईघाईने स्वतःचा रुमाल पुढे केला. तिथला कारकून माझा हात बघत म्हणाला, "बाई, रेषाच उठेनात. काय काम करता?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "काय न्हाई, घरचंच."

घरचंच! ज्या घराचं काम करून माझ्या अंगठ्याची सालपटं निघाली, ते त्याच टेबलावर माझ्या नावावरून उतरत होतं आणि माझे वडील बिनदिक्कत घरचंच म्हणत होते. त्यांना त्यात काही खटकलंही नाही. मला रडू नाही आलं, संताप आला. पण मी दुसरं बोट ठेवलं आणि ते लागलं.

भाऊ नकलांसाठी थांबला. वडील आणि मी रिक्षात बसलो. माझी पिशवी बरोबर होती, तरी ते म्हणाले, "आज राहा, माय. कूलरचं गवत राहिलंय."

"ज्याचं घर त्यानं बदलावं," मी म्हणाले. वडिलांना असं उलट बोलायची माझी पहिलीच वेळ.

त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "लई लागलं का तुला?"

"हाव."

मला वाटलं, आता ते हात धरतील, घरी चल म्हणतील. ते म्हणाले असते तर मी गेले असते, गवतही बदललं असतं.

ते पुढे वाकले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "आधी स्टँडला घ्या. हिला नांदेडची गाडी गाठायची हाय."