देव्हाऱ्यातली हार्ड डिस्क

जळगावातला आमचा कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला इतका सावध, की पाऊस जामनेरला पडला तरी हा इथे दुकानाची खिडकी लावून घेतो. नमस्काराऐवजी विचारतो, "दुसरी कॉपी कोठे शे?"

या वेळी मी बंद पडलेली डिस्क त्याच्यापुढे ठेवली. गेलेल्या आईच्या गाण्यांची एकुलती एक हार्ड डिस्क मी सुरक्षित म्हणून देव्हाऱ्यात ठेवली होती. तिथे आहे म्हणजे देवच, असं समजून माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, दसऱ्याला तिलाही ताम्हनात बसवून आंघोळ घातली.

"बठ्ठं एकाच जागी? भाऊ, लोक बियाणं बी दोन घरमा ठेवतस!" भ्याला की हा अहिराणीवर येतो, सगळ्याचं 'बठ्ठं' होतं. डिस्क छातीशी धरून तो आत गेला.

चार दिवसांत मी वाळून निम्मा झालो. पाचव्या दिवशी त्याने खिडकी लावली आणि वाचवलेली गाणी उतरवलेल्या तीन डिस्क मांडल्या.

"एक घरी, एक फैजपूरला तुमच्या मामांकडे, एक माझ्याकडे. पण आधी तिन्ही ऐका. ऐकून पाहिली नाही, ती कॉपीच नाही."

पहिलीवर आई गायली. दुसरीवरही गायली. तिसरी जोडण्याआधी त्याने खिडकीची कडी पुन्हा एकदा तपासली. तिच्यावरही आईचा आवाज उमटला, तेव्हा कुठे त्याने खिडकी उघडली.