लाल ठिपक्यापर्यंत

पार्सल घेऊन आलेल्या माणसाला मी ओटीपी सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला. व्यंकटेशच्या धाकट्या भावाचा. "अण्णा गेला... सकाळी मागावरच कोसळला." माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात गिटारच्या पेडलचा खोका. त्या खोक्यासाठीच मी व्यंकटेशला थांबवून ठेवलं होतं. त्याला आता महिना उलटला, पण हे कुणाला सांगायचं धाडस झालेलं नाही.

कॉलेजपासून आम्हा दोघांना जुन्या विलायती रॉकचं वेड. पुढं तो यंत्रमागावर चादरी विणू लागला, मी बँकेत चिकटलो. माझ्याकडे आवाज बदलणारी पेडलं वाढत गेली. त्याच्याकडे एकच गिटार आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रानं मोडीत काढलेला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. तरी कॅसेटवरचा तो भरदार, किंचित फाटलेला आवाज निघायचा त्याच्याकडूनच! माझ्याकडे नुसती खरखर. काय लावतोस, असं विचारलं की हसायचा. "काय न्हाय बे. ॲम्प पुरा मोकळा सोडायचा, गिटारवरचं आवाजाचं बटण मागं घ्यायचं, बाकी बोटांचं काम. तू ऐकत न्हाईस, नुसतं सामान आणतोस." मला लई राग यायचा, कारण ते खरं होतं.

शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाला, "ते दोन गिटारींचं एकदा पुरं बसवू की. रविवारी ये." तो तुकडा आम्ही कित्येक वर्षं अर्धाच वाजवत आलो होतो. मी म्हटलं, "नवं पेडल येऊ दे, मग बसू." तो रविवार गेला. पुढच्या रविवारी त्यानं फोन केला, त्याच्या पुढच्याही... माझं उत्तर तेच. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात व्यंकटेशच्या बायकोनं, वहिनींनी, घरी बोलावलं. "गिटार तुमीच न्या भावजी, हितं बघवत न्हाय." मी वायर जोडली आणि सवयीनं गिटारचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ॲम्प किंचाळलाच. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "एवढं सोडत नव्हते ते. त्या ठिपक्यापर्यंतच." बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. बटण तिथं आणून हलकेच तार छेडली... आणि व्यंकटेशचा आवाज आला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला पुढं वाजवता येईना.

गिटार आता माझ्या खोलीत आहे. पार्सल फोडलेलं नाही. रोज संध्याकाळी मी त्या तुकड्यातला व्यंकटेशचा भाग वाजवतो. दुसऱ्या गिटारीची, म्हणजे माझी जागा आली की थांबतो. तीन रविवार तो असाच थांबला असेल.