नापास फडकी

मालूआत्याच्या शेजारच्या नेनेकाकूंचा फोन आला तेव्हा मी लेकीची शाळेची बाटली भरत होते. भिंतीवरच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. "अगं, मालू गेली," काकू म्हणाल्या. बाटली भरून पाणी ओट्यावर वाहायला लागलं. ते पुसताना मला आत्याचा चेहरा आठवला नाही, तिच्या नळाला बांधलेलं पांढरं फडकं आठवलं.

मालूआत्या डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत एकटी राहायची. तिच्या गल्लीतली पाण्याची लाइन गटारातून गेलेली आहे. आजही. त्यामुळे नळाला फडकं सगळेच बांधायचे, पाणी गेलं की धुऊन पुन्हा बांधायचे. आत्याने फडकं धुणं बंद केलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती सबंध नोकरी तपासणीच्या टेबलावर बसली होती, एकही खराब नग तिच्या नजरेतून सुटत नसे. तीच नजर तिने घरी पाण्याला लावली. नळ गेला की फडकं सोडायचं, खिडकीत उजेडावर धरायचं, दोरीवर वाळवायचं आणि कोपऱ्यात बॉलपेनने तारीख घालून 'पास' किंवा 'नापास' लिहायचं. नापास फडकं टाचणीने अर्जाला लावून ती पाणी खात्याच्या ऑफिसात न्यायची. एकदा मी बरोबर होते. कारकून म्हणाला, "आजी, ही घाण इथे कशाला आणलीत?" आत्या म्हणाली, "तुम्हीच घरपोच पाठवलीत. परत करायला आले. पोच द्या."

मी वाचायला शिकले ती तिच्या पत्रकांवर. ती हाताने लिहायची, झेरॉक्स काढायची आणि सुट्टीत मी आले की दारांच्या फटीतून आत सरकवायचं काम माझं. 'स्वच्छ पाणी हा उपकार नाही' हे वाक्य मला शाळेतल्या कुठल्याही कवितेआधी पाठ होतं. सुरुवातीला अर्जाखाली अख्ख्या इमारतीच्या सह्या असायच्या. मग एकेका घरात मशीन आलं आणि एकेक सही गळाली. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. "आमचं आता ठीक आहे हो," एवढंच म्हणायचे. आत्याचा राग मशीनवर नव्हता, त्या 'आमचं'वर होता. "मशीन लावलं की माणूस नळाकडे बघायचंच सोडतो," ती म्हणायची. तिने शेवटपर्यंत मशीन घेतलं नाही. मोठं पातेलं भरून पाणी उकळायची, निववायची, गाळून प्यायची.

माझी सही शेवटपर्यंत राहील असं तिने धरलं होतं. मीही धरलं होतं. लेक झाली, आम्ही माजिवड्याला टॉवरमध्ये राहायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात मी मशीन बसवलं. आत्याला सांगितलं नाही. ती बाळाला बघायला आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि मशीनसमोर उभी राहिली. मी काहीतरी पुटपुटले, डॉक्टर म्हणाले, लहान बाळ आहे... "अगं, बरं केलंस की," ती म्हणाली आणि पेला भरून पाणी प्यायली. पुढच्या वेळी अर्ज तिच्या टेबलावर दिसला म्हणून मी पेन काढलं, तर तिने तो उचलून फाइलमध्ये ठेवला. "तुझी सही कशाला बये? तुझ्या घरी काय नळाला पाणी येतंय? मशीनला येतंय." ती हसली. मीही हसले. तेव्हापासून अर्जाखाली एकच सही राहिली.

गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हातात जोर आला नाही. फोनवर विचारलं की "उकळते गं, उकळते" म्हणायची. खरं तर भरलेलं पातेलं तिला गॅसवरून उतरवता येत नव्हतं. ती चहापुरतं उकळायची आणि प्यायचं नुसतं गाळून प्यायची. नेनेकाकू मशीनच्या पाण्याच्या बाटल्या पाठवायच्या, ते पाणी ही बाई कुंडीतल्या तुळशीला घालायची. हे सगळं मला नंतर कळलं, कावीळ झाली, वाढली आणि डॉक्टरांनी "पाणी कुठलं प्यायच्या?" असं विचारलं तेव्हा. मृत्यूच्या दाखल्यावर यकृत निकामी झाल्याचं लिहिलंय. पाण्याचं नाव कुठेही नाही. भेटायला आलेली माणसं म्हणाली, हट्टापायी गेली. नळाचं पाणी पिता यावं, एवढ्या मागणीला आपण हट्ट म्हणायला लागलो आहोत. मला चीड येते, आणि ती चीड घेऊन कुठे जावं ते कळत नाही, कारण ज्यांनी तिला एकटं पाडलं त्यांत मी आहे.

तेराव्यानंतर मी तिची फाइल घेऊन ऑफिसात गेले. कारकून तोच होता. त्याने रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "अर्जदार वारले ना? मग तक्रार बंद करावी लागेल."

"पाणी तसंच येतंय."

"हो, पण मॅडम, तक्रार त्यांची होती."

खोली रिकामी करायला गेले तेव्हा नळाला शेवटचं फडकं तसंच होतं, वाळून कडक झालेलं, मधोमध तपकिरी. ते सोडलं, उजेडावर धरलं. तारीख घालता येईना, ते कुठल्या दिवशीचं हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. नुसतं 'नापास' लिहिलं. माझ्या अक्षरात ते खोटं वाटलं.

दोरीवरचं एक कोरं फडकं मी माजिवड्याला आणलं आणि ओट्याच्या नळाला बांधलं. दुसऱ्या सकाळी सोडून पाहिलं. मधोमध तपकिरी डाग होता. इतकी वर्षं इथे राहून मी हा नळ कधी पाहिलाच नव्हता. फडकं वाळवून त्यावर तारीख घातली, अर्ज लिहिला, सही केली. टॉवरमध्ये दारोदार फिरले. सगळ्यांनी आत बोलावलं, थंड पाणी दिलं आणि म्हणाले, आमचं ठीक आहे.

आता रोज एक फडकं वाळतं. लेकीची बाटली मात्र मी अजून मशीननेच भरते.