ॲडमिरलांचा नोव्हेंबर

ॲडमिरलांसमोर वाट्या ठेवू नयेत, असा आमच्यात अलिखित नियम होता. ठेवल्या की त्यांची जहाजे होत. अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या ज्या उपाहारगृहात आम्ही आठ-दहा निवृत्त मराठी माणसे रविवारी सकाळी जमतो, तिथे चटणीच्या वाट्या रशियाच्या आणि सांबाराच्या जपानच्या. १९०५ साली जपानी आरमाराने रशियाची वाट कशी आडवी कापली, हे दाखवताना त्यांनी माझे सांबार अनेकदा गार केले. "ॲडमिरल आले, पटापट जेवून घ्या!" असे कोणी ओरडले, तर ते शांतपणे म्हणत, "जेवा. रशियनांनाही अशीच घाई होती."

आरमाराशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षे काढलेले ते साताऱ्याचे रसायन-अभियंते. पण ते साल त्यांच्या घरात नातेवाइकासारखे वावरले होते. आशियातल्या एका देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला हरवल्याची बातमी आली, तेव्हा त्यांच्या शाळकरी आजोबांनी वर्गात साखर वाटली आणि छड्या खाल्ल्या. त्या छड्यांचा अभिमान नातवाने अमेरिकेत आणला.

त्या युद्धाचा तह या देशात, पोर्ट्समथ येथे झाला. भारतातून आलेल्या नव्या माणसाला पहिल्या उन्हाळ्यात सगळे नायगारा दाखवतात. हे पोर्ट्समथला नेत. तहाची इमारत नौदलाच्या आवारात आहे. ती नदीच्या अलीकडून पाहायची, डबा खायचा आणि परत फिरायचे. मीही गेलो आहे. इमारत साधी आहे.

आमच्या मराठी मंडळात या विषयावर त्यांचे व्याख्यान दर दोन-तीन वर्षांनी होई. हाती कागद नसे. जानेवारीत रशियाचा किल्ला पडला तिथे सुरुवात, सप्टेंबरात तह झाला तिथे शेवट. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर "माहीत नाही" असे ते भर सभेत सांगत. हा गुण मी फार थोड्या वक्त्यांत पाहिला.

गेल्या वर्षी वाचनालयात त्यांची मिस्टर चो या निवृत्त कोरियन औषधविक्रेत्याशी ओळख झाली. ॲडमिरलांनी त्यांना सारी कथा ऐकवली. चोंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "आणि नोव्हेंबर?"

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, विजयी जपानने सोलच्या राजवाड्याभोवती सैनिक उभे करून कोरियाच्या मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. कोरियाचे परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेले. पाच वर्षांनी देशही गेला. "माझे आजोबाही तेव्हा शाळेतच होते," चो म्हणाले. "त्यांचे मास्तर वर्गात रडले."

ॲडमिरल तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले आणि चहा येण्याआधीच म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना नऊ महिन्यांचं वर्ष सांगत आलो. वाचलं नव्हतं असं नाही हो. पान उलटून पुढे जात होतो."

त्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवशी मंडळाने सत्कार आणि तेच व्याख्यान ठरवले होते. या वेळी त्यात नोव्हेंबरही येईल, असे ॲडमिरलांनी कळवले. अध्यक्ष पुण्याचा, संगणक क्षेत्रातला, स्वभावाने चांगला. तो त्यांना समजावू लागला, "काका, प्लीज, लोक तुमची लढाई ऐकायला येतात. मुलांनाही प्राउड वाटतं. कोरियाचं नेक्स्ट इयर करू ना."

"नेक्स्ट इयर मी आहे का, तेवढं कन्फर्म करून दे."

तो गेल्यावर मीही त्यांना तेच सांगितले. सत्काराच्या दिवशी स्वतःची चूक कशाला काढता, या वेळी राहू द्या. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जन्मभर पूल बांधलेत. तडा दिसला तेव्हा वरून रंग मारून घरी गेलात का?"



व्याख्यानाला चो पहिल्या रांगेत होते. सप्टेंबरपर्यंत सभा नेहमीप्रमाणे रंगली. मग ॲडमिरल थांबले, पाणी प्यायले आणि चोंना समजावे म्हणून इंग्रजीत बोलू लागले. राजवाडा, सैनिक, सह्या. शेवटी पुन्हा मराठीत आले. "माझ्या आजोबांचा आनंद खरा होता. पण तोच विजय दुसऱ्याच्या घरात काय घेऊन गेला, हे मी तुमच्यापासून लपवलं. चूक माझी आहे." टाळ्या तुरळक पडल्या. एक बाई म्हणाल्या, "काका, सगळा मूडच घालवलात!"

"माझा तीन आठवडे गेला होता," ते म्हणाले, आणि चोंना बटाटेवडा द्यायला गेले.

परतताना मोटारीत त्यांनी विचारले, "नोव्हेंबरला किती मिनिटं दिली मी?"

"बारा."

"कमी पडली. आता नीट लिहूनच काढतो."

महिन्याभराने त्यांची मुलगी त्यांना दूर दक्षिणेत, अल्फारेटाला आपल्या घरी घेऊन गेली. निरोपाच्या वेळी आम्ही हात मिळवले. मनातले बोलण्याची सवय दोघांनाही नव्हती. वसंतात ते गेल्याचे कळले. मागोमाग मुलीने पाकीट पाठवले. त्यात त्यांच्या हस्ताक्षरातले पूर्ण व्याख्यान होते. बावीस पाने, त्यांतली अकरा नोव्हेंबरची.

श्रद्धांजलीच्या सभेत ते वाचण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपवले. वेळ अर्धा तास. अध्यक्ष हळूच म्हणाला, "काका, लढाईचा पार्ट घ्या." मी वक्ता नाही, आणि त्यांना गप्प राहा म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी उभा राहिलो, पहिली अकरा पाने बाजूला ठेवली आणि बाराव्यापासून वाचू लागलो.