तळ्याकाठचा आडोसा

परवा यवतमाळच्या बाजारात नव्या ताडपत्रीचा उग्र वास नाकात गेला आणि तळ्याकाठची ती सकाळ आठवली. नवऱ्याने हौसेने गाडीमागे ओढायचा ट्रेलर बनवून घेतला होता. आत झोपायची सोय, बाजूला ताणायचं ताडपत्रीचं छत. पहिल्याच मुक्कामाला आम्ही सासूबाईंनाही नेलं. सकाळी नवरा दूध आणायला गावात गेला, तेव्हा छताखाली चादरींचा आडोसा करून मी त्यांना आंघोळीला गरम पाणी काढून दिलं. तेवढ्यात पऱ्हाटीच्या शेतावरून धूळ उडवत जोराचं वारं आलं. खुंट्या उपटल्या, छत फडफडत वर उचललं गेलं आणि चादरीही सुटल्या. "अवं, चादर धर वं!" सासूबाई ओरडल्या. मी धरलं ते छत. नवं होतं, फाटेल म्हणून दोन्ही हातांनी दांडा कवटाळून उभी राहिले. त्या तिथेच अंग आखडून उघड्यावर बसलेल्या. त्या पऱ्हाटीत कापूस वेचणारी एक बाई धावत आली, साडीवर घातलेला सदरा काढून तिने त्यांना पांघरला आणि स्वतः आडोसा होऊन उभी राहिली. "कायले त्या दांड्याले चिकटून राह्यली वं तू?" ती मला म्हणाली. वारं पडल्यावर केस पुसत सासूबाईंनी विचारलं, "छत फाटलं त नाही ना?" त्यात टोमणा नव्हता. "नाही," म्हणताना मला त्यांच्याकडे बघवेना. मुलाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. आता ट्रेलर निघाला की त्या म्हणतात, "तुम्ही जा, मले घरच बरं." नवरा खूप आग्रह करतो. मी मात्र खाली बघून छताची घडी घालत राहते.